कानात किर्र, पण रिपोर्ट नॉर्मल? या चुका टाळा

ऑडिओग्रामचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा, कागद हातात पडतो. दोन्ही कानांच्या रेघा वरच्या पट्ट्यात, खाली शेरा ‘नॉर्मल’. आणि तो वाचत असतानाही कानातला रातकिडा किर्रर्र करतच असतो.

पहिली चूक इथेच होते: ‘म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ’ असं मानून गप्प बसायचं. नेहमीच्या तपासणीत साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचेच स्वर ऐकवतात (हर्ट्झ जितके जास्त, तितका स्वर बारीक), तरुण कान मात्र २०,००० हर्ट्झच्या आसपास पोचतो. त्या वरच्या पट्टीतली झीज कागदावर उतरतच नाही. २००९ साली उंदरांवरच्या एका प्रयोगात तर असं दिसलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले बरेच जोड तुटलेलेच राहिले. माणसांत हे कितपत घडतं यावर अजून वाद आहे. पण कानाकडून कमी संदेश आले की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि त्यातून हा आवाज उमटतो, हे स्पष्टीकरण मला तरी सगळ्यात पटतं.

दुसरी चूक मी स्वतः जवळजवळ वर्षभर केली. दर तासाला कानांवर तळहात दाबायचे, श्वास रोखायचा आणि बघायचं: आहे का अजून? असायचाच! १९५३ साली ऐकू नीट येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवून विचारलं, तेव्हा ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला होता. कान लावून बसलं की काहीतरी सापडतंच. रोज आवाजाला दहापैकी गुण देणारी वही ठेवत असाल तर तीही बंद करा. मी माझी फाडली, त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

याच्याच पोटातली चूक म्हणजे शांततेच्या मागे लागणं. ड्रिल मशीन किंवा लाऊडस्पीकरजवळ इअरप्लग हवेतच. पण घरातल्या भांड्यांच्या आवाजालाही ते घालून बसलात, तर मेंदू आणखी हळवा होतो. रात्री पंखा किंवा पावसाचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, आवाज किर्रपेक्षा किंचित खाली. किर्र बुडवायला हेडफोन फुल करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

तेलाचे थेंब, कानकाडी: नको. मळ असेल तर डॉक्टर काढतील. गिंको या वनस्पतीच्या किंवा झिंकच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्या देऊ नयेत असंच सांगितलं आहे. त्याच सूचनांनी शिफारस केलेल्या सीबीटी या विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशन पद्धतीला मात्र लोक ‘मी काय वेडा आहे का’ म्हणून नाक मुरडतात. त्याने आवाज जातोच असं नाही, जाच कमी होतो. आणि तक्रार खरी तर जाचाचीच असते. जास्त डोसची अ‍ॅस्पिरिन किंवा क्विनीन चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका.

दात घट्ट आवळून बघा, मान वळवून बघा. किर्र बदलली तर जबडा-मानेचाही त्यात वाटा असू शकतो. हे तपासणीच्या वेळी आवर्जून सांगा, कारण बरेचदा कुणी विचारतच नाही.

शेवटची चूक उलटी: एकदा ‘नॉर्मल’ आलं म्हणून नंतरच्या बदलांकडे काणाडोळा. आवाज एकाच कानात असेल, सोबत चक्कर असेल, तर पुन्हा दाखवा. एका कानाचं ऐकणं अचानक कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो. आणि आवाज किर्र नसून ‘धप-धप’ असेल, तर मनगटावर बोट ठेवा. नाडीच्या ठोक्याशी जुळत असेल, तर ते प्रकरण वेगळं, रक्तवाहिन्यांची तपासणी लागू शकते.