नॅलोक्सोन जवळ ठेवताय? मग या चुका टाळा

नॅलोक्सोन, म्हणजे अफूसारखी औषधं (ओपिऑइड) जास्त झाली की थांबत चाललेला श्वास परत आणणारं औषध. ते आणून ठेवणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण आणून ठेवणं वेगळं आणि वेळेला नीट वापरणं वेगळं. मी घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करते, आणि हे औषध कसं द्यायचं ते नातेवाइकांना, स्वयंसेवकांना शिकवते. दर वेळी त्याच चुका दिसतात आणि बहुतेकींच्या मुळाशी घाई असते. नाकात स्प्रे मारला की माणूस ताडकन उठून बसेल असं चित्र डोक्यात पक्कं असतं, त्यामुळे त्याच्या आधीचं आणि नंतरचं शिकायला कुणाला वेळ नसतो.

मॉर्फीन, हेरॉइन, फेंटानिल, मेथाडोन, ट्रॅमाडॉल, कोडीन ही सगळी ओपिऑइड. प्रमाण जास्त झालं की मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावतं आणि माणूस प्राणवायूअभावी जातो. बाकी सगळं विसरलात तरी हे लक्षात ठेवा, कारण पुढची प्रत्येक गोष्ट श्वासाभोवतीच फिरते. नॅलोक्सोन मेंदूतल्या रिसेप्टरांवरून, म्हणजे औषध जिथे जाऊन बसतं त्या जागांवरून, ओपिऑइडला उठवतं आणि ती जागा स्वतः अडवतं. औषध काही नवं नाही. १९६१ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्यामुळे 'नवीन आहे, भरवसा कसा ठेवायचा' हा प्रश्न आता पुरे.

भलतंच औषध घरात

एका स्वयंसेवी गटाने मला त्यांची प्रथमोपचाराची पेटी मोठ्या कौतुकाने दाखवली होती. "मॅडम, नॅलोक्सोन आहे आमच्याकडे," म्हणत एकाने आतून गोळ्यांची स्ट्रिप काढली. स्ट्रिपवर नॅलोक्सोनचं नाव होतं, त्यात खोटं काही नव्हतं. पण त्याच्या आधी, त्याच ओळीत, ब्युप्रेनॉर्फिन लिहिलेलं होतं. ही जिभेखाली ठेवायची गोळी व्यसनमुक्तीच्या उपचारात देतात. ब्युप्रेनॉर्फिन हे स्वतःच ओपिऑइड आहे. त्यात नॅलोक्सोन घातलेलं असतं ते कुणी गोळी विरघळवून शिरेत टोचू नये म्हणून, आणि जिभेखालून ते रक्तात जवळजवळ उतरतच नाही. म्हणजे बेशुद्ध माणसाच्या तोंडात ही गोळी कोंबली तर एक तर ती घशात अडकणार, नाहीतर अंगात आणखी ओपिऑइड जाणार. पेटी भरणाऱ्याने दुकानात नाव अर्धवट सांगितलं होतं आणि आणल्यावर कुणी लेबल पूर्ण वाचलं नव्हतं. किती दिवस ती पेटी तशीच फिरत होती, देव जाणे.

दुसरा गोंधळ नाल्ट्रेक्सोनचा. नाव जवळचं, काम वेगळं. तीही व्यसनमुक्तीच्या उपचारातली गोळी आहे आणि बेशुद्ध माणसाला कुठलीच गोळी गिळता येत नाही. मागताना स्पष्ट सांगा: 'नॅलोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे' किंवा 'नॅलोक्सोनचं इंजेक्शन'. स्प्रे बहुतेक ठिकाणी ४ मिलिग्रॅमचा असतो, एका डबीत एकच डोस. इंजेक्शनच्या अँप्यूलमध्ये (काचेच्या छोट्या कुपीत) सहसा १ मिलिलिटरला ०.४ मिलिग्रॅम औषध असतं. घरी आणलं की लेबल मोठ्याने वाचा. मी वर्गात प्रत्येकाकडून वाचून घेते, लोक हसतात, हसू देत.

आता मिळवायचं कसं. अमेरिकेत २०२३ पासून ४ मिलिग्रॅमचा स्प्रे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतो. अनेक देशांत अजून चिठ्ठी लागते. लागत असेल तर ओपिऑइड लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडेच, त्याच भेटीत मागा. इथे लोक उगाच संकोचतात, "डॉक्टरांना वाटेल आम्ही नशा करतो." वाटू दे ना. घरात कुणी जास्त ताकदीची ओपिऑइड घेत असेल, सोबत झोपेच्या गोळ्या असतील, फुप्फुसाचा आजार असेल, किंवा कुणी व्यसनमुक्ती केंद्रातून वा तुरुंगातून नुकतं परतलं असेल, तर औषध घरात हवंच. परतलेल्या माणसाच्या शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी पचणारा डोस आता जीव घेऊ शकतो. ओव्हरडोस ज्यांच्यासमोर होण्याची शक्यता आहे त्यांच्या हाती हे औषध असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं आहे.

आणि दोन डोस ठेवा, एक नाही. अँप्यूल आणली तर सिरिंज आणि सुई त्याच पिशवीत हवी. सुटी अँप्यूल कपाटात आणि सिरिंज घरातच नाही, हे इतक्या वेळा पाहिलंय की मी आता आधी पिशवीच उघडायला लावते. इन्सुलिनची सिरिंज चालणार नाही. ती सुई आखूड असते, औषध स्नायूत न जाता कातडीखाली राहतं आणि हळू चढतं. स्नायूत पोहोचणारी, साधारण एक ते दीड इंचाची सुई हवी. जागा मांडीची बाहेरची बाजू किंवा दंडाचा वरचा भाग. पातळ कपड्यावरून टोचलं तरी चालतं.

'एकदा दाबून बघू'

नका बघू. एका डोसच्या स्प्रेमध्ये औषध एकदाच असतं. चालतो का ते पाहायला दाबलात की संपलं. माणसाला पाठीवर झोपवा, मान मागे घ्या, नळी नाकपुडीत तुमची बोटं नाकाला टेकेपर्यंत घाला आणि पूर्ण दाबा. त्याने श्वास ओढायची गरज नाही. सराव करायचा असेल तर सरावाची रिकामी डबी मागून घ्या.

घोरतोय म्हणजे झोपलाय

माझ्या मते सगळ्यात जास्त जीव या एका वाक्याने जातात. ओपिऑइड जास्त झालेला माणूस शांत दिसतो. घशातून खरखर किंवा घोरल्यासारखा आवाज येतो, आणि घरचे दिवा मालवून निघून जातात. तो आवाज बंद होत चाललेल्या श्वासमार्गाचा असतो. म्हणून हलवा, नावाने मोठ्याने हाक मारा, आणि छातीच्या मधल्या हाडावर मूठ घट्ट घासा. तरी जाग आली नाही तर तो झोपलेला नाही. मग बघा: श्वास फार सावकाश किंवा तुटक आहे का, ओठ आणि नखं निळसर, काळपट किंवा राखाडी पडलीत का, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात का. बाहुल्या तशा नसल्या तरी थांबू नका, कारण मेंदूला बराच वेळ प्राणवायू मिळाला नाही की त्या मोठ्याही होतात. ओपिऑइडच आहे की दुसरं काही, यावर खल करत बसू नका. ओपिऑइड नसेल तर नॅलोक्सोनने अपाय होत नाही. गरोदर बाई असली तरी द्यायचं.

"उठली, आता रुग्णवाहिका नको"

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे.

एका घरी आजींना पाठीच्या जुन्या दुखण्यासाठी फेंटानिलचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी, चालू होता. मुलगा सगळं मनापासून करायचा. आमच्या वर्गालाही आला होता, पण स्प्रे कसा मारायचा ते पाहून झालं तसा फोन आल्याचं सांगून उठला. 'पुढचं बघून घेईन' वाले असे पुष्कळ असतात. एके दिवशी आजी हाकेला ओ देईनात, ओठ काळवंडलेले. त्याने स्प्रे मारला, अगदी बरोबर मारला. थोड्या वेळाने आजींनी डोळे उघडले, उलटी केली, "काय झालं रे?" विचारलं. त्याने फोन करून निघालेली रुग्णवाहिका परत पाठवली.

मी ठरलेल्या वेळेला ड्रेसिंगला गेले तेव्हा आजी खुर्चीत होत्या, मान छातीवर पडलेली. सून म्हणाली, "ताई, हळू बोला, दमल्यात, आत्ता डोळा लागलाय." मी श्वास मोजले. मिनिटाला सहा. त्यांना जमिनीवर घेतलं, मुलाला रुग्णवाहिका पुन्हा बोलवायला लावली, दुसरा स्प्रे मारला आणि तोंडाने श्वास द्यायला सुरुवात केली. श्वास जरा लागल्यावर ब्लाउज सैल करून पाठ पाहिली. दंडावरचा पॅच सगळ्यांना माहीत होता. दुसरा खांद्यामागे होता. जुना काढायचा राहिला होता, नवा चिकटवला होता, आणि पाठ दुखते म्हणून वरून गरम पाण्याची पिशवी ठेवलेली. ऊब लागली की पॅचमधलं औषध भराभर अंगात उतरतं. पॅच काढला तरी कातडीत साठलेलं औषध पुढचे कित्येक तास रक्तात येत राहतं. आणि नॅलोक्सोनचा असर टिकतो साधारण ३० ते ९० मिनिटं.

संगीत खुर्चीसारखं आहे ते. नॅलोक्सोन खुर्ची अडवून बसतं, पण ओपिऑइड खोलीतून गेलेलं नसतं. नॅलोक्सोन उठलं की ते परत येऊन बसतं. रुग्णालयात आजींना नॅलोक्सोन सलाइनमधून चालू ठेवावं लागलं. त्या वाचल्या. मुलगा माझ्यावरच चिडला होता, "तुम्हीच सांगितलं होतं ना स्प्रे द्या म्हणून." सांगितलं होतं. पण वर्गाचा उरलेला अर्धा भाग कशासाठी असतो?

म्हणून रुग्णवाहिका आधी बोलवा आणि माणूस उठला तरी परत पाठवू नका. त्याला एकटं सोडू नका. अंगावर पॅच आहे का ते पाठ, दंड, छाती, पोट सगळीकडे शोधा आणि काढून टाका. पॅचची चिकट बाजू बोटांना लागू देऊ नका. मेथाडोन आणि हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या याही याच जातीच्या, तासन्‌तास चालतात. रुग्णवाहिका येईपर्यंत, आणि जिथे ती येतच नाही तिथे निदान दोन तास, कुणीतरी शेजारी बसून श्वास बघायचा. मोबाइल बघत नाही, श्वास बघत.

डोसवर डोस

स्प्रे मारला आणि तीस सेकंदांत काही झालं नाही की लोक दुसरा मारतात. औषधाला काम करायला दोन-तीन मिनिटं लागतात. ती मिनिटं नुसतं बघत बसायची नाहीत, श्वास द्यायचा. हनुवटी वर, नाक बंद, तोंडावर तोंड, छाती वर येते ना ते पाहायचं. साधारण पाच सेकंदांना एक. मी मोठ्याने पाचपर्यंत मोजते आणि फुंकते, मोजलं नाही तर घाबरलेला माणूस धाप लागेपर्यंत फुंकत सुटतो. घरातल्या दुसऱ्याने घड्याळ बघायचं आणि डोसची वेळ पेनाने हातावर लिहायची. माझी ही सवय काहींना हास्यास्पद वाटते, पण रुग्णवाहिकेतली माणसं पहिला प्रश्न तोच विचारतात. दोन-तीन मिनिटांनी श्वास सुधारला नसेल तर दुसरा डोस, स्प्रे असेल तर दुसऱ्या नाकपुडीत.

श्वास नियमित झाला, पण डोळे उघडले नाहीत, तर? मग आणखी औषध नको. त्याने उठून गप्पा माराव्यात ही आपली हौस असते. श्वास चालू आहे ना, मग कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. उगाच जास्त औषध दिलं की विड्रॉअल, म्हणजे ओपिऑइड एकदम तुटल्याचा त्रास, जोराचा बसतो: उलट्या, घाम, अंगदुखी, संताप. अशा वेळी माणूस शिव्या देतो, निघून जायला बघतो, 'थोडं घेतो, बरं वाटेल' म्हणतो. भांडू नका, पण घेऊ देऊ नका. जाग्या माणसाला काय झालं ते आठवत नसतं, तेव्हा आधी तेच सांगा.

हेही

थंड पाणी ओतणं, थोबाडीत मारणं, दूध पाजणं, मिठाचं पाणी टोचणं, धरून चालवणं. यातलं काहीही करू नका. शेवटच्या दोन-तीन मिनिटांची वाट यातच लागते.

दारू आणि झोपेच्या गोळ्यांवर नॅलोक्सोन चालत नाही. हल्ली फेंटानिलमध्ये मिसळलं जाणारं झायलाझीन, म्हणजे जनावरांना गुंगी आणायचं औषध, तेही त्याला दाद देत नाही. तरी द्यायचं, कारण सोबत ओपिऑइड असेल तर तेवढं तरी उतरतं, आणि उरलेल्यासाठी श्वास देत राहायचं.

फेंटानिल घेतलेल्या माणसाला हात लावला म्हणून मदत करणारा कोसळत नाही. हातमोजे असतील तर घाला, नसतील तर शोधत फिरू नका.

औषध उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, गोठवू नका, अँप्यूल उजेडापासून दूर ठेवा. मुदत संपली म्हणून लगेच फेकू नका. नवं येईपर्यंत जुनं ठेवा, कारण काहीच नसण्यापेक्षा मुदत संपलेलं परवडलं. कुलूप तर मुळीच लावू नका. ज्याला लागणार तो स्वतः घेऊ शकणार नाही, म्हणून जागा घरातल्या सगळ्यांना माहीत हवी.

अखेरच्या आजारात वेदनेसाठी मॉर्फीन घेणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. तिथे नॅलोक्सोनने दुखणं एकदम उसळून येतं. कधी द्यायचं, द्यायचं की नाही, हे डॉक्टरांशी आधीच बोलून कागदावर लिहून ठेवा. मध्यरात्री ठरवायची गोष्ट नाही ती.

वापरून झालं की रिकामी डबी किंवा अँप्यूल रुग्णवाहिकेतल्या माणसांच्या हाती द्या, सुई जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाका, आणि त्याच दिवशी नवे दोन डोस आणून ठेवा.