सहा कोंबड्यांचं खुराडं घरच्या घरी कसं बांधावं

अंधार पडला की कोंबडीला फारसं दिसत नाही. दांडीवर बसली की ती तिथून हलत नाही, आणि कुणी आत शिरलंच तर तिला पळताही येत नाही. म्हणून खुराडं बांधताना दिवसापेक्षा रात्रीचा विचार आधी करा. परसात कोंबड्या पाळायला स्थानिक नियमांची आडकाठी नाही ना, एवढंही सुरुवातीलाच विचारून घ्या.

पहिल्यांदा माप ठरवा. आत दर कोंबडीमागे 4 चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीबंद आवारात 10 चौरस फूट जागा धरावी. म्हणजे सहा कोंबड्यांना 6 बाय 4 फुटांचं खुराडं आणि 6 बाय 10 फुटांचं आवार पुरतं. जागा कमी पडली की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायला लागतात, आणि ही खोड एकदा लागली की मोडणं फार कठीण. जागा उंचवट्यावरची, पाणी न साचणारी आणि दुपारी सावली येईल अशी निवडा. कोंबडीला घाम येत नाही, त्यामुळे थंडीपेक्षा उकाडाच तिला जास्त त्रास देतो.

आता सांगाडा. खुराड्याची जमीन मातीपासून दीड-दोन फूट वर उचला. लाकूड कुजत नाही आणि उंदीर-घुशींना खाली बिळं करून लपता येत नाही. छप्पर एका बाजूला उतरतं ठेवा आणि भिंतींपासून चांगलं फूटभर बाहेर काढा. आवाराचे खांब 8 फुटांचे घेऊन 2 फूट जमिनीत गाडले, की आत ताठ उभं राहून झाडलोट करता येते. ही सोय नक्की करा. वाकून करावी लागणारी साफसफाई हळूहळू टळत जाते आणि त्याचा त्रास कोंबड्यांना होतो.

भिंती बंद करताना बहुतेकांची एक चूक होते. थंडी लागेल म्हणून ते सगळ्या फटी बुजवतात. पण विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि श्वासातून दमटपणा साचतो. बंद खुराड्यात कोंबड्या आजारी पडतात त्या यामुळे. दोन्ही लांब भिंतींवर छपराखाली 6 ते 8 इंचांची पट्टी उघडी सोडा आणि तिला जाळी ठोका. ही पट्टी बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर हवी, म्हणजे हवा खेळते पण झोत अंगावर येत नाही.

जाळीत मात्र काटकसर नको. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रा ती सहज फाडतो. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डमेश घ्या. नुसत्या पिनांवर भरवसा ठेवू नका. जाळीवर लाकडी पट्टी ठेवून ती स्क्रूने आवळा. आवारालाही वरून जाळी हवीच, कारण शिकारी पक्षी आणि मांजर वरूनच येतात.

उकरून आत येणाऱ्यांसाठी एक साधा उपाय आहे. भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला दोन फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी पसरा, भिंतीच्या जाळीला तारेने घट्ट बांधा आणि वर माती-दगड टाका. प्राणी भिंतीच्या अगदी कडेलाच उकरायला लागतो, तिथे जाळी लागते. दोन फूट मागे सरून खणावं, हे त्याला सहसा सुचत नाही.

दाराला नुसती उचलायची कडी पुरत नाही, धक्क्याने ती निघते. सरकती कडी लावून तिच्यात हुक अडकवा.

आत बसायला दोन-अडीच फूट उंचीवर एक दांडी हवी, साधारण 2 इंच रुंद आणि कडा घासून गोल केलेली. दर कोंबडीला 8 ते 10 इंच लागतात, म्हणजे 6 फुटांची एक दांडी पुरे. ती काढता-घालता येईल अशी बसवा, कारण रक्त पिणारे बारीक किडे दिवसा तिच्या फटींत लपतात. अंड्यांसाठी फूटभर लांब-रुंद-उंच अशा दोन पेट्या लागतील. त्या दांडीपेक्षा खाली ठेवा. कोंबडी सगळ्यात उंच जागी झोपते, आणि पेट्या उंच असतील तर त्यांतच झोपून घाण करते. जमिनीवर 4 इंच कोरडा लाकडी भुस्सा पसरा. आवाराच्या एका कोपऱ्यात कोरडी माती आणि राख टाकून ठेवा. धुळीत लोळून कोंबडी अंगावरच्या उवा झाडते, आणि तिला तसं लोळताना पाहण्यात मोठा आनंद आहे.

कोंबड्या आणल्या की तीन-चार दिवस खुराड्यातच ठेवा, पाणी आणि खाणं आतच द्या. मग एके सकाळी दार उघडा. संध्याकाळी उजेड कमी झाला की त्या बहुधा आपणहून आत जातील. एखादी बाहेर राहिलीच तर तिला उचलून दांडीवर बसवा, डोकी मोजा आणि कडी लावा.