कथकच्या क्लासमधे कसं वागायचं: नवीन मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी

जून-जुलैमधे नवीन बॅच सुरू झाली की तेच तेच प्रश्न येतात, ड्रेस कोणता, घुंगरू कधी आणायचे, व्हिडिओ काढला तर चालेल का, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय. मी पुण्यात शिकले आणि आता ताईंच्या, म्हणजे माझ्या कथकच्या गुरूंच्या, हाताखाली लहान मुलांची बॅच घेते, त्यामुळे इथलं वातावरण डोळ्यासमोर आहे, तुमच्या क्लासमधे एखादी गोष्ट वेगळी असेल तर अर्थातच तुमच्या गुरूंचं ऐका. एक मात्र सगळीकडे सारखं, कथकमधे कान सगळ्यात आधी लागतो, पाय नंतर. खालचे बहुतेक नियम त्यासाठीच आहेत, म्हणजे तुम्हाला नीट ऐकू यावं आणि तुमच्यामुळे दुसऱ्याचं ऐकणं बिघडू नये.

आधी वेळ. क्लास पाचचा असेल तर पावणेपाचला या कारण केस बांधायचे, ओढणी बांधायची, घुंगरू बांधायचे याला वेळ लागतो. घुंगरू कथकमधे दोरीत ओवलेले असतात, पट्ट्यावर शिवलेले नाही, ती दोरी घोट्यापासून वर घट्ट गुंडाळत न्यायची असते आणि घाईत बांधली की हमखास मधेच सुटते. उशीर झालाच तर दारात थांबा, चाललेला तुकडा, म्हणजे नाचाची छोटी रचना, समेवर (तालाच्या पहिल्या ठोक्यावर) येऊन संपू दे, मग ताईंकडे बघा, त्यांनी मान हलवली की मागून जाऊन शेवटच्या ओळीत उभं राहा. ताई आणि तबलजी यांच्या मधून तर कधीच जायचं नाही, त्यांचं एकमेकांकडे बघून चाललेलं असतं.

कपडे साधे. कॉटनचा सलवार-कुर्ता, ओढणी एका खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेला घट्ट बांधलेली, मुलांना कुर्ता-पायजमा. जीन्स नको, बसायला आणि गिरकी घ्यायला त्रास होतो. लोंबते कानातले, बांगड्या, अंगठ्या, घड्याळ सगळं घरी ठेवून या, चक्कर घेताना शेजारणीच्या ओढणीत अडकतं आणि मग दोघींचंही लक्ष जातं. पायाला तेल किंवा लोशन लावून येऊ नका, फरशीवर पाय सटकतो. मोजे घालून तर अजिबात नाही.

घुंगरू पहिल्या दिवशी विकत घेऊन येऊ नका. तत्कार, म्हणजे पायांचं मूळ काम, थोडा पक्का झाला, पायाचा आवाज स्वच्छ यायला लागला की ताई सांगतील, तोपर्यंत नुसत्या पायाने. नंतरसुद्धा लहानांना २५ किंवा ५० पासून सुरुवात असते, १०० वगैरे पुढे, उगाच जड घेतले की गुडघे आणि पिंढऱ्या दुखतात. बांधायच्या आधी कपाळाला लावायचे, ओलांडायचे नाहीत, चपलांच्या पिशवीत कोंबायचे नाहीत, आणि दुसऱ्याचे न विचारता घालायचे नाहीत. एखादा घुंगरू तुटून जमिनीवर पडला तर कुणाचा आहे हे शोधत बसू नका, जिला आधी दिसेल तिने उचलून बाजूला ठेवायचा, त्याच्यावर पाय पडला की काय होतं हे पडल्यावरच कळतं.

आता ज्याच्यावरून सगळ्यात जास्त बोलणी बसतात ती गोष्ट. ताई बोलत असताना किंवा कुणाला काही समजावत असताना पाय हलवायचे नाहीत. तुम्हाला वाटतं आपण नुसतं या पायावरून त्या पायावर वजन टाकलं, पण २० जणांच्या घुंगरांची तशी चुळबुळ एकदम झाली की खोलीत दुसरं काही ऐकूच येत नाही. आपापलं प्रॅक्टिस करायचं असेल तर हाताने मांडीवर करा. उभं राहायची सवय ही पण शिकायची गोष्टच आहे, थाट हा नाचाचा एक भाग, त्यात शांत उभं राहून डौल दाखवायचा असतो, ते इथूनच येतं.

नमस्कार. आत आल्यावर ताईंना, तबलजींना, आणि नाचायला सुरुवात करायच्या आधी जमिनीला. आपण तासभर जमिनीवर पाय आपटणार असतो म्हणून आधी तिला नमस्कार, असं लहानांना सांगितलं की त्यांना लगेच पटतं. काही घरांमधे पाया पडायची पद्धत नसते, त्यांनी मोकळेपणाने तसं सांगावं, हात जोडले तरी पुरतं. हा नाच मंदिरांमधे जेवढा वाढला तेवढाच लखनौच्या नवाब वाजिद अली शाहांच्या दरबारातही वाढला, यात सगळ्यांना जागा आहे. आणि मोठ्या गुरूंचं नाव घेताना लोक कानाच्या पाळीला हात लावतात ते बघाल, ती आदराची खूण आहे, बिरजू महाराजांचं किंवा पुण्यात रोहिणीताई भाटेंचं नाव निघालं की जुन्या विद्यार्थिनींचा हात आपोआप कानाकडे जातो.

तबलजींबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथे खूप दुर्लक्ष होतं. ते म्युझिक सिस्टीम नाहीत. त्यांनाही सर किंवा गुरुजी म्हणायचं, तबल्याला न विचारता हात लावायचा नाही, वाद्यावरून पाय टाकून जायचं नाही, लेहऱ्याच्या पेटीवर (नाचाबरोबर तीच धून परत परत वाजवणाऱ्या हार्मोनियमवर) बाटली ठेवायची नाही. लय कमी हवी असेल तर "सर, थोडी विलंबित द्याल का" असं विचारा, तेही ताईंच्या परवानगीने. तुकडा चुकला की वळून तबल्याकडे बघू नका, लय त्यांची धरलेली असते, सुटलेली आपली असते.

पढंत, म्हणजे नाचाचे बोल तालात तोंडाने म्हणणं, सगळ्यांनी करायची. पुढची ओळ नाचत असताना मागच्यांनी गप्पा मारायच्या नसतात, हाताने ताल धरायचा, तीनतालच्या १६ मात्रा म्हणजे ठोके, टाळ्या पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला आणि नवव्याला खाली, म्हणजे टाळी न वाजवता नुसता हात हलवायचा. बोल तोंडात पक्के बसल्याशिवाय पायात येत नाहीत, आणि जी मुलं लाजून पुटपुटतात त्यांची तिहाई (तीनदा म्हणून समेवर संपवायचा तुकडा) पुढे कायम अर्ध्या मात्रेने घसरते, हे मी बघत आलेय, म्हणून मोठ्याने म्हणा, चुकलं तरी मोठ्याने. शेजारणीचं चुकलं तर तिला तुम्ही सुधारायचं नाही, ते ताईंचं काम. जागा हा एक मुद्दा, चक्कर घ्यायच्या आधी हात पसरून बघा कुणाला लागत नाहीये ना, धक्का लागलाच तर थांबून विचारा. गरगरलं तर बाजूला खाली बसा, आरशाला टेकू नका.

वहीत बोल हाताने लिहायचे, फोटो काढून ठेवला की तो कुणी परत बघत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्यायच्या असतील तर पुढे ताललिपीत, म्हणजे ताल लिहायच्या ठरलेल्या खुणांमधे, लिहावंच लागतं. परीक्षेला कधी बसवायचं हे मात्र ताई ठरवतात, आईबाबांनी शेजारच्या मुलीशी तुलना करून मागे लागू नये, प्लीज. आणि दारातून खुणा करून पोरांना स्टेप्स दाखवू नका, मूल बिचारं ताईंकडे बघू का आईकडे या गोंधळात पडतं. फी महिन्याच्या सुरुवातीला, क्लास संपल्यावर द्या, शिकवणं चालू असताना मधे नाही. गैरहजर राहणार असाल तर मेसेज करा, आणि बुडालेलं मैत्रिणीकडून आधी उतरवून या, मग ताईंना दाखवा.

मोबाईल सायलेंट, बॅगेत. ऑडिओ किंवा व्हिडिओ विचारूनच, आणि दिला तरी तो घरच्या रियाजासाठी असतो, रीलसाठी नाही. बंदिशी, म्हणजे नाचाच्या रचना, कुणाच्या तरी गुरूंकडून आलेल्या असतात किंवा ताईंनी स्वतः बसवलेल्या असतात, त्यांच्या नावाशिवाय टाकणं चांगलं नाही, शिवाय मागे दुसऱ्यांची लहान मुलं दिसत असतात. सोसायटीच्या गणपतीत नाचायचंय, मस्तच, पण क्लासमधलं काही करणार असाल तर आधी विचारा, बहुतेक वेळा ताई आनंदाने दोन तास जास्त देऊन बसवून घेतात. दुसरीकडे दुसरा नाच शिकत असाल तर तेही सांगून टाका.

पाळी असेल, पाय मुरगळला असेल, ताप येऊन गेला असेल तर सांगा आणि बसून पढंत करा, आलात हेच खूप. उभं राहणं किंवा हात सुधारताना ताई किंवा सर हात लावून दाखवतात, ते नको वाटत असेल तर "तोंडी सांगा" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. गुरूंचा मान ठेवणं म्हणजे चुकीचा स्पर्श किंवा अपमान सहन करणं नाही, असं काही झालं तर त्याच दिवशी घरी सांगा, आणि पालकांनो, ऐकून घ्या, क्लास कितीही नावाजलेला असला तरी.

गुरुपौर्णिमेला फूल पुरे. महागड्या भेटींची चढाओढ लागली की ज्यांना जमत नाही ती मुलं त्या दिवशी यायचंच टाळतात.

घरचा रियाज रोज २० मिनिटं केला तरी फरक दिसतो, तत्कार ठाय (मूळ लयीत), दुगुण (दुप्पट), चौगुण (चौपट), सावकाश मोजत. फ्लॅटमधे राहत असाल तर खालच्या मजल्यावरच्यांना एकदा जाऊन सांगून या, वेळ ठरवून घ्या, दुपारी आणि रात्री घुंगरू न बांधता सतरंजीवर करा, आणि खाली कुणाचं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर त्या दिवशी नुसती पढंत.