बाळंतिणीचा प्रश्न तवसाळच्या जेट्टीवरून दिल्लीपर्यंत कसा न्यायचा

आरोग्यसेविका म्हणून माझी सगळी नोकरी गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठी झाली. बाळंतीण दगावली की गाव चार दिवस हळहळतं, कोणी डॉक्टरला बोल लावतं, कोणी नशिबाला. कागदावर काही उरत नाही, आणि धोरण कागदाशिवाय हलत नाही. म्हणून आधी वही घाला.

आशाताई आणि बचतगटातल्या दोघीतिघींनी प्रत्येक अवघड बाळंतपणाच्या वेळा टिपाव्यात. कळा कधी सुरू झाल्या, घरच्यांनी निघायचं कधी ठरवलं, १०८ ला फोन कधी गेला, गाडी कधी आली, दवाखान्यात कोणी कधी तपासलं, पुढे पाठवलं तर का. बाईचं नाव नको, क्रमांक घाला. उशीर घरी होतो, वाटेत होतो किंवा दवाखान्यात होतो. आपला कुठला ते वहीच सांगते. तवसाळहून फेरीबोटीने जयगड गाठलं की रत्नागिरी जवळ. रात्री फेरी बंद झाली की रस्त्याचा वळसा, वर पावसाळा. हे अंतर नकाशात दिसत नाही, घड्याळात दिसतं.

अशा नोंदींनी देश हललेला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावोगावचे जन्म-मृत्यू नोंदवले, ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. १९९९ मध्ये त्या कामाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभरातल्या आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी बाळाला बघायला घरी जातात.

मग माहितीचा अधिकार: अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. ‘सोय आहे का?’ असं विचारू नका, ‘आहे’ असंच उत्तर येतं. रुग्णालयात रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत महिन्यागणिक किती सिझेरियन झाली, भूलतज्ज्ञाचं पद कधीपासून रिकामं आहे, रक्ताच्या किती पिशव्या दिल्या, हे विचारा.

मातामृत्यू झालाच, तर आशाने २४ तासांत कळवायचं असतं. जिल्हाधिकाऱ्यांसमोरच्या आढाव्यात घरच्यांचं म्हणणं ऐकायची तरतूद आहे. सासू, नवरा बिचकतात, त्यांच्यासोबत जा. त्या बाईच्या वतीने बोलणारं तिथे दुसरं कोणी नसतं.

मागणी लिहिताना ‘आमच्या गावाला बोट द्या’ एवढंच लिहू नका. निकष बदलून मागा. उपकेंद्र सपाट भागात ५०००, डोंगराळ-आदिवासी भागात ३००० लोकसंख्येमागे. बाळंतपणाआधी येऊन राहायचं माहेरघर आदिवासी भागासाठी. या मोजमापात खाडी कुठेच नाही. ठराव असा करा: ‘जिथून सिझेरियन होणाऱ्या रुग्णालयात रात्री तासाभरात पोचता येत नाही, त्या खाडीकाठच्या गावांना माहेरघर मिळावं.’ या ओळीत आपल्यासारखी सुंदरबनची गावंही बसतील, आणि दिल्लीला उत्तर देणं भाग पडेल.

ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेतच घ्या, कारण राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा आराखडा नवं आर्थिक वर्ष लागण्याआधी तालुका, जिल्हा, राज्य करत केंद्राकडे जातो. प्रत जिल्ह्याच्या ‘दिशा’ समितीलाही द्या. तिचे अध्यक्ष खासदार असतात आणि केंद्राच्या योजनांचा आढावा तिथे होतो. खासदारांना एकच पान द्या, गठ्ठा कोणी वाचत नाही, आणि लोकसभेत प्रश्न विचारायची विनंती त्याच पानावर करा. केंद्राने काय मंजूर केलं ते अभियानाच्या संकेतस्थळावर येतं, तिथे आपली ओळ शोधा. नसेल, तर नाकारण्याचं कारण लेखी मागा आणि त्या कारणाला उत्तर देणाऱ्या नोंदी वहीतून काढून पुढच्या आराखड्याला जोडा.