उबुंटू अपग्रेड पावसाळ्यात करताना
उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टमची (विंडोजसारखी संगणक चालवणारी प्रणाली) दीर्घ मुदतीची, म्हणजे अनेक वर्षं अपडेट मिळणारी आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते, पण आधीच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर अपग्रेडची सूचना सहसा पहिल्या दुरुस्तीनंतरच दिसते. २४.०४ या आवृत्तीची पहिली दुरुस्ती, २४.०४.१, आली ती ऑगस्ट २०२४मध्ये, म्हणजे गोव्यात ऐन पावसाळा! आमच्याकडे फोंड्यात मोठी सर आली की वीज जाते, आणि अपग्रेड अर्ध्यावर तुटलं तर संगणक सुरूच न होण्याची भीती. लॅपटॉप पूर्ण चार्ज करूनच बसा. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. फायलींची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या.

त्याहीआधी नवी आवृत्ती पेनड्राइव्हवरून नुसती चालवून पाहा, इन्स्टॉल न करता. वायफाय, प्रिंटर तपासा. मराठी कीबोर्ड लावून 'ज्ञानेश्वर' टाइप करून बघा.