थिएरी हेन्रीची कारकीर्द कशी पाहावी

निवृत्त फुटबॉल आघाडीपटूची, म्हणजे गोल करण्यासाठी पुढे खेळणाऱ्याची, कारकीर्द समजून घ्यायची म्हटले की बहुतेक जण त्याच्या गोलांची एकत्र केलेली चित्रफीत लावतात. फ्रान्सच्या थिएरी हेन्रीच्या बाबतीत ही पद्धत विशेष अपुरी पडते. आर्सेनल या इंग्लिश क्लबसाठी 228 आणि फ्रान्ससाठी 123 सामन्यांत 51 हे त्याचे गोल मोठेच आहेत, परंतु अशा चित्रफितीत चेंडू जाळ्यात जाताना तेवढा दिसतो आणि तो त्या जागी कसा पोहोचला, हा खरा भाग कापलेला असतो. म्हणून निवडक सामने पूर्ण पाहावेत आणि सोबत वही ठेवावी. (फ्रेंच समालोचन ऐकणार असाल, तर ‘हेन्री’च्या ‘आँरी’ या उच्चाराची कानाला सवय करून घ्यावी.)

सुरुवात यशापासून करू नये. 1977 साली पॅरिसजवळच्या ले झ्युलिस या उपनगरात जन्मलेला हा मुलगा क्लेरफोंतेनच्या राष्ट्रीय प्रबोधिनीत घडला. 1994 मध्ये प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी त्याला मोनाको क्लबकडून प्रथम खेळवले, तेही विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला. 1998 च्या विश्वचषकात फ्रान्सकडून सर्वाधिक, म्हणजे 3 गोल त्याचे होते, पण अंतिम सामन्यात तो मैदानावर उतरलाच नाही. जानेवारी 1999 मध्ये तो युव्हेंटस या इटालियन क्लबकडे गेला आणि तिथे 16 लीग सामन्यांत केवळ 3 गोल करू शकला. या काळातला एखादा सामना आवर्जून पाहावा. टचलाइनला (मैदानाच्या कडेच्या रेषेला) चिकटून, बचावाची कामे करत धावणारा हेन्री पाहिल्याशिवाय त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वेंगर यांनी आर्सेनलमध्ये त्याला मध्यवर्ती आघाडीपटू केले, हा निर्णय किती धाडसाचा होता हे कळत नाही. पहिले काही सामने गोलाविना गेले आणि सप्टेंबरमध्ये साउदॅम्प्टनविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून त्याने पहिला गोल केला.

आता वही उघडावी. एका पानावर मैदानाचा आयत काढावा आणि हेन्रीच्या पायाशी चेंडू आला की त्या जागी फुली मारावी. मी ही पद्धत अनेक सामन्यांसाठी वापरली आहे. कागदावर तो मध्यवर्ती आघाडीपटू असला, तरी फुल्यांची गर्दी डाव्या बाजूला, मध्यरेषा आणि पेनल्टी क्षेत्राचा कोपरा यांच्या दरम्यान होते. विंगवरची जुनी सवय त्याने टाकून दिली नव्हती, ती त्याने आघाडीपटूच्या कामाला जुंपली होती. तो डावीकडे सरकला की प्रतिस्पर्ध्याच्या मध्य बचावपटूला पेच पडे, कारण त्याच्यामागे जावे तर मध्यभाग मोकळा राहतो आणि न जावे तर हेन्रीला वेग घ्यायला जागा मिळते. त्यातच सहकारी रॉबेर पिरेस आतल्या बाजूला येई आणि ॲश्ली कोल बाहेरून वर चढे, त्यामुळे त्या एकाच पट्ट्यात तीन जणांना आवरावे लागे.

चेंडू येण्याआधी त्याच्या कमरेकडे आणि खांद्यांकडे पाहावे, पायांकडे नंतर. डावीकडून आत शिरताना तो शरीर गोलच्या दिशेने उघडतो, उजव्या पायाच्या आतल्या भागाने चेंडूला वळण देतो आणि चेंडू गोलरक्षकाला वळसा घालून दूरच्या खांबालगत आत जातो. जवळचा खांब सांभाळायला सरकलेल्या गोलरक्षकाला उलट दिशेने झेप घ्यायला वेळच उरत नाही. हा क्षण तीनदा मागे नेऊन पाहावा आणि तिसऱ्या वेळी केवळ गोलरक्षकाकडे लक्ष द्यावे.

एकच सामना पाहायचा झाल्यास 25 नोव्हेंबर 2003 रोजी मिलानमधला इंटर या इटालियन क्लबविरुद्धचा पाहावा. घरच्या मैदानावर त्याच संघाकडून 0-3 हरलेल्या आर्सेनलने तिथे 5-1 असा विजय मिळवला. 85 व्या मिनिटाला हेन्री प्रतिहल्ल्यात डावीकडून एकटा धावत जातो आणि समोर इंटरचा हाविएर झानेटी येतो. इथे हेन्री वेग वाढवत नाही. तो जवळजवळ थांबतो, झानेटीलाही थांबायला लावतो आणि मग एकाएकी निसटून डाव्या पायाने दूरच्या कोपऱ्यात चेंडू मारतो. तो वेगवान होता असे सगळेच सांगतात, पण माझ्या मते वेग केव्हा रोखून धरायचा हे त्याला अधिक चांगले कळत होते.

गोलांइतकीच नोंद पासांची करावी. 2002-03 च्या प्रीमियर लीग (इंग्लंडची सर्वोच्च लीग) हंगामात त्याने 24 गोल केले आणि 20 गोलांसाठी सहकाऱ्यांना अखेरचा पास दिला. पुढच्या हंगामात आर्सेनल 38 लीग सामन्यांत एकदाही हरला नाही आणि हेन्रीचे 30 गोल झाले, म्हणून सगळे तोच हंगाम पाहतात. मी मात्र आधीच्या हंगामापासून सुरुवात करायला सांगेन.

त्यानंतरचा बार्सिलोना या स्पॅनिश क्लबातला काळ थोडक्यात पाहिला तरी चालेल, मात्र 2 मे 2009 चा रेआल माद्रिदविरुद्धचा 6-2 विजय सोडू नये. तिथे तो पुन्हा डाव्या विंगवर आहे आणि त्याचे दोन गोल आहेत. त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला आयर्लंडविरुद्ध त्याने हाताने चेंडू आवरून विल्यम गालासला गोल करून दिला आणि फ्रान्स विश्वचषकाला पात्र ठरला. हा प्रसंग टाळून केलेला अभ्यास प्रामाणिक नव्हे. त्याने हात लागल्याचे नंतर मान्य केले, पण आयर्लंडला त्याचा उपयोग झाला नाही.

शेवटी 9 जानेवारी 2012 चा आर्सेनलचा लीड्सविरुद्धचा एफए चषक (इंग्लंडमधली बाद फेरीची स्पर्धा) सामना लावावा. न्यूयॉर्कहून थोड्या काळासाठी परतलेला 34 वर्षांचा हेन्री बदली खेळाडू म्हणून उतरतो. ॲलेक्स साँगचा पास येतो तेव्हा तो डावीकडेच असतो. तो शरीर उघडतो आणि उजव्या पायाच्या आतल्या भागाने चेंडू दूरच्या खांबाकडे सरकवतो. वहीतली शेवटची फुली तिथेच मारावी.