६० मुलांच्या वर्गात इंग्रजी वादविवाद: १५ मिनिटांचा बेत

वादविवाद स्पर्धेत चौघे बोलतात आणि बाकीचा वर्ग टाळ्या वाजवतो. मुलांना इंग्रजी बोलतं करायचं असेल तर ती पद्धत कामाची नाही. वाद बाकावरच, जोडीजोडीत लावायचा. मराठी माध्यमाच्या आठवी-नववीला हा बेत ३५ मिनिटांच्या तासात आरामात बसतो.

विषय निवडताना कसोटी एकच: मुलाला मराठीत मिनिटभरात तीन कारणं सुचतात का? मराठीत सुचली नाहीत तर इंग्रजीत कुठून येणार! ‘मोबाइल: शाप की वरदान’ नको, त्यावरचा निबंध पाठ असतो आणि तोच बाहेर पडतो. ‘मिसळीबरोबर ब्रेड की पाव’, ‘रविवारी महाद्वार रोड वाहनांना बंद ठेवावा’, ‘शाळेत कुस्ती सक्तीची करावी’ असले विषय कोल्हापुरात छान चालतात. पेठांच्या फुटबॉल संघांवर मात्र वाद लावू नका. दोन मिनिटांत इंग्रजी संपतं आणि खरं भांडण सुरू होतं, तेही अस्सल कोल्हापुरीत.

फळ्यावर चार सुरुवाती इंग्रजीत लिहा: ‘आय थिंक…’, ‘वन रीझन इज…’, ‘फॉर एक्झाम्पल…’, ‘यू सेड…, बट…’. बाकाच्या उजव्या टोकाचं मूल बाजूने, डाव्या टोकाचं विरोधात. तिघं बसत असतील तर मधलं मूल पंच. कारण ऐकू आलं की वहीत एक रेघ मारायची. तयारीला २ मिनिटं, आणि तेवढ्या वेळात मराठी बोलायला पूर्ण मुभा. मुद्दा आणि भाषा एकाच वेळी शोधायला लावली की मूल गप्प बसतं. चिठ्ठीवर फक्त ५ शब्द लिहू द्या. वाक्यं लिहिली की मान खाली जाते आणि वाचन सुरू होतं.

पहिल्या फेरीत प्रत्येकी ६० सेकंद. दुसऱ्याने ‘यू सेड’नेच सुरुवात करायची, म्हणजे त्याला आधी ऐकावं लागतं, ही अट सोडली तर दोघं आपापलं भाषण करून मोकळे होतात. मग उजवीकडची मुलं एकेक बाक मागे सरकतात, शेवटचं पुढे येतं. तेच मुद्दे नव्या जोडीदारासमोर ४५ सेकंदांत, मग पुन्हा सरकून ३० सेकंदांत. वेळ घटवायचा कारण तिसऱ्यांदा शब्द शोधावे लागत नाहीत. मुद्दे बदलू दिले तर हा फायदा जातो. पंच दर फेरीला बदला, नाहीतर ती वीस मुलं बोलतच नाहीत.

गोंगाट होणारच. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा आणि थांबायची खूण ठरवा: हात वर, ज्याला दिसेल त्याचाही हात वर. ३० मुलं एकदम बोलत असताना ओरडून काही होत नाही.

बोलताना चूक दुरुस्त करू नका. फिरत फिरत चुका टिपा आणि शेवटच्या ४ मिनिटांत तीनच वाक्यं, कुणाची ते न सांगता, फळ्यावर घ्या. ‘आय ॲम ॲग्री’ हमखास सापडेल, कारण ‘मी सहमत आहे’मधला ‘आहे’ तिथे घुसतो. ‘जरी-तरी’च्या सवयीने ‘ऑल्दो’पाठोपाठ ‘बट’ही येतो.

वर्गाचे चार कोपरे ठरवून मुलांना आपल्या मतानुसार उभं करायचा खेळ इंग्रजी पुस्तकांत फार दिसतो. दाटीच्या वर्गात बाकांमधून वाट मिळेपर्यंत ५ मिनिटं जातात. पटांगणात नेता येत असेल तरच तो घ्या. पाचवी-सहावीला त्याऐवजी फळ्यावर रस्सीखेच. एक आडवी रेघ, दोन टोकांना दोन बाजू. प्रत्येक बाकाने एका वाक्याची चिठ्ठी आणायची, मोठ्याने वाचायची आणि कारण जितकं वजनदार तितकी टोकाजवळ चिकटवायची. कुठे चिकटवायची यावर मुलं मराठीत वाद घालतील. घालू द्या, फक्त चिठ्ठी हलवायची असेल तर त्याचं कारण इंग्रजीत मागा.